शेवटच्या रिळाचं शेपूट

माझ्या बाबांनी आयुष्यभर पिक्चर पाहिले, पण त्यातला एकही धड ऐकला नाही. अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये ते ऑपरेटर होते, म्हणजे प्रोजेक्टर चालवायचे. केबिनमध्ये दोन मशिनी, त्यांचा खडखडाट, दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा उग्र वास आणि भिंतीत वीतभर खिडकी. त्या खिडकीतून पडदा दिसायचा, कानावर मात्र मशीनच पडायची. नायिका का रडते आहे हे त्यांना कधी कळलं नाही आणि त्यांनी त्याची फिकीरही केली नाही. आज अमेरिकेत, सनीव्हेलला आमच्या घरी ते टीव्ही बघतात तोसुद्धा आवाज बंद करून. माझा नवरा पुण्याचा. बाबा इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला वाटलं की टीव्ही बिघडला, आणि त्याने कंपनीच्या माणसाला अर्धा तास फोनवर धारेवर धरलं.

आवाज बंद करून बघायला सगळ्यात चांगले पिक्चर कुठले, असं बाबांना विचारा. ते क्षणाचाही विचार न करता सांगतील, चिनी मारामारीचे. त्यातही विनोदी. अकोल्यात त्यांना सरसकट 'कराटे पिक्चर' म्हणत. कुंग फू आणि कराटे यांतला फरक अख्ख्या गावात कुणाला ठाऊक नव्हता आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. ते हाँगकाँगहून मुंबईला यायचे, मुंबईहून भुसावळला, आणि भुसावळहून पत्र्याच्या पेट्यांतून आमच्याकडे. तोवर त्यांच्यावर इतके ओरखडे पडलेले असत की पडद्यावर सदा पाऊस लागलेला दिसे. रविवारी सकाळच्या खेळाला ते लागायचे, आणि रविवारी शाळा नसल्यामुळे मी केबिनमध्ये एका रिकाम्या पेटीवर उभी राहून दुसऱ्या खिडकीतून बघायचे.

त्यातली एक मालिका आम्हा दोघांची लाडकी होती. पाच-सहा बिनकामाचे लोक एकत्र राहतात, एवढीच तिची गोष्ट. प्रत्येक पिक्चरमध्ये त्यांची नावं वेगळी, धंदा वेगळा, संकट वेगळं, पण चेहरे तेच. एकात ते घरं रंगवणारे होते, दुसऱ्यात लग्नाच्या जेवणाचे आचारी, तिसऱ्यात चुकून पोलीस. आपापसात सदा भांडत. एकमेकांच्या ताटातलं पळवत. बाहेरचा कुणी अंगावर आला की मात्र सहा जण मिळून बारा हातांचा एकच माणूस असल्यासारखे लढत.

एक मारामारी मला अजून फ्रेम न फ्रेम आठवते. सहाही जण एका लांब बाकड्यावर ओळीने बसलेत. समोर गुंड उभे. टोकाचा एक जण घाबरून उठतो, त्यासरशी बाकडं दुसऱ्या टोकाला कलतं. तिथला जाड्या घसरून गुंडाच्या पायात जातो, गुंड त्याच्यावरून कोलमडतो, बाकडं उलटं उडून दुसऱ्या गुंडाच्या हनुवटीला लागतं. मधला एकजण हे सगळं होईपर्यंत झोपलेलाच, आणि तो झोपेत कुशीवर वळला म्हणून तिसऱ्याचा वार हुकतो. हे सगळं कॅमेरा लांब ठेवून, एका दमात घेतलेलं. डोक्यापासून पायापर्यंत सगळी माणसं दिसतात. हल्लीसारखी अर्ध्या सेकंदाला कात्री नाही, की मूठ एकीकडे आणि थोबाड दुसरीकडे. सहा माणसांनी एका श्वासात केलेलं ते काम आहे, आणि त्यातला एक जरी अर्धा क्षण उशिरा वळला असता तरी सगळं मुसळ केरात गेलं असतं.

मला या लोकांबद्दल नुसती आवड नाही, आदर आहे. समोरच्याला मारणं त्यामानाने सोपं. मार खाणाऱ्याचं कसब मोठं. ठोसा लागायच्या आधी तो ढळला तर खोटं दिसतं, नंतर ढळला तर खरंच लागतं. आणि लागल्यावर पडताना त्याने असं पडायचं की बघणारा हसला पाहिजे. आमच्याकडे तमाशातल्या सोंगाड्याला हे जमायचं. पण तो एकटा असायचा. इथे सहाच्या सहा सोंगाडे, आणि सगळे एकमेकांच्या पडण्याला टेकू देणारे.

या आदरापोटी मी नऊ वर्षांची असताना टॉकीजच्या सायकल स्टँडच्या पत्र्यावरून उडी मारली. पिक्चरमध्ये एक जण तशी मारतो आणि खाली आल्यावर झग्याची धूळ झटकतो. मी खाली आले ती डाव्या कोपरावर. बाबांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "त्यायले लागत नाही, पोरी. ते शिकेल आहेत. तुले लागते." माझा डावा कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. आणि ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की जगात दोन जातीची माणसं असतात हे मी धरूनच चालले. पडलं तरी लागत नाही अशी, आणि आपल्यासारखी.

पुढे मी जे काम धरलं तेही स्वभावाला साजेसंच. कॉम्प्युटरची चिप बनायच्या आधी तिच्या नकाशातल्या चुका शोधायच्या. चूक होण्याआधी पकडली तर माझी शाबासकी, नंतर सापडली तर माझी हजामत. वीस वर्षं मी हेच करते आहे आणि मी त्यात तरबेज आहे. घरातही मी तशीच आहे, असं माझी मुलगी म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

आई गेल्यावर बाबांना मी इकडे आणलं, त्याला चार वर्षं झाली. ते इथे चांगले रुळले. सकाळी एकटेच पार्कपर्यंत चालत जायचे, बाकावर बसून कॅल्ट्रेनच्या लोकल गाड्या बघायचे, ग्रंथालयातून चित्रांची पुस्तकं आणायचे. या फेब्रुवारीत एका सकाळी ते फुटपाथवरून खाली उतरताना कडेचा अंदाज चुकून पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. घरी सोडताना डॉक्टरीण बाई म्हणाल्या की पहिले तीन महिने काय ते महत्त्वाचे. या तीन महिन्यांत चालायला लागले तर चालतील, नाहीतर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खुर्चीत बसलेला माणूस सहसा खुर्चीतच राहतो. त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या. मी गाडीत बसून रडून घेतलं आणि घरी येऊन कामाला लागले.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. घरातल्या सगळ्या सतरंज्या उचलल्या. बाथरूममध्ये तीन दांड्या बसवल्या. टेबलांच्या कोपऱ्यांना रबर लावलं, जसं मुलगी रांगत होती तेव्हा लावलं होतं. नवऱ्याने आणि मी वर्क फ्रॉम होमचे दिवस वाटून घेतले. हॉस्पिटलने बाबांच्या कमरेला बांधायला एक रुंद पट्टा दिला होता, चालताना मागून धरण्यासाठी. तो मी असा धरायचे की बाबांची पँट वर ओढली जायची. ते खुर्चीच्या हातावर हात टेकतात न टेकतात तोच मी दोन मिटिंगांमधून उठून पोचलेली असायची. हेडसेट गळ्यात, एक हात पट्ट्यात, दुसरा बगलेत. "बाबा, मला हाक मारल्याशिवाय उठायचं नाही हं."

"मॉम, यू आर हॉव्हरिंग," मुलगी म्हणाली.

"तुझ्यावर घिरट्या घातल्या म्हणून तू एवढी झालीस."

"आय ॲम सिक्स्टीन अँड आय कान्ट बॉइल अ‍ॅन एग," ती म्हणाली.

सहा आठवडे गेले आणि बाबा उठेनासे झाले. दुखत होतं म्हणून नव्हे. दुखणं कमी झालं होतं. ते नुसते बसून राहायचे. पाणी हवं असलं तरी मी येईपर्यंत थांबायचे. आधी ते माझ्यावर वैतागायचे, "सोड न बाप्पा," म्हणायचे. तेही थांबलं. पायजम्यातून त्यांच्या मांड्या दिसायच्या, काठ्यांसारख्या. तीन महिन्यांतले निम्मे संपले होते आणि मी रोज मोजत होते.

आठवड्यातून दोनदा फिजिओ घरी यायचा. पन्नाशीचा, धिप्पाड, मूळचा फ्रेस्नोकडचा, हळू बोलणारा माणूस. बाबांना तो 'सर' म्हणायचा. एका मंगळवारी आल्या आल्या तो म्हणाला, "आज आपण सरांना जमिनीवर झोपवू या."

"कशाला?" मी विचारलं.

"जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठायला शिकवायचं आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्याला म्हटलं की ज्या माणसाचा खुबा पडून मोडला त्याला तू मुद्दाम खाली पाडणार? आमच्यात म्हाताऱ्या माणसाला हात धरून उठवतात, हात धरून बसवतात. जमिनीवर कुणी ठेवत नाही. ठेवतात ते एकदाच, आणि ते कधी हे तुला सांगायची माझी इच्छा नाही. मी बरीच मोठ्याने बोलत होते. बाबा खुर्चीत बसून मुका टीव्ही बघत होते.

फिजिओने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, ते पुन्हा पडतील. या वयात सगळे पडतात. त्या वेळी घरात कुणी नसेल तर काय, एवढाच प्रश्न आहे. आणि त्यांचे पाय तेवढे वाईट नाहीत. तुम्ही तो पट्टा इतका घट्ट धरता की सहा आठवड्यांत त्यांनी स्वतःचं वजन स्वतःच्या पायांवर घेतलेलंच नाही. त्यांच्या वतीने तुम्ही चालताय."

मी त्याला दार दाखवलं. एजन्सीला फोन करून दुसरा माणूस पाठवा म्हणून सांगितलं. दुसरा माणूस तीन आठवड्यांनी मिळेल, असं त्यांनी सांगितलं. तीन आठवडे म्हणजे उरलेल्यातले निम्मे. तरीही मी चालेल म्हटलं, इतकी मी तापले होते. माझा राग असाच आहे, तो हिशेब बघत नाही.

त्या शनिवारी मुलगी ग्रंथालयातून त्या मालिकेच्या चार डिस्क घेऊन आली. बाबांचं मन रमावं म्हणून मीच तिला शोधायला सांगितलं होतं. दुपारी दोन वाजता बाबांनी सगळे पडदे ओढायला लावले. पिक्चर अंधारातच बघायचा. नवरा चिवड्याचं पातेलं घेऊन बसला आणि म्हणाला, "पिटातले पिक्चर सोफ्यावर बसून बघायचे म्हणजे पाप आहे." बाबा कित्येक दिवसांनी हसले.

पिक्चर नव्याने धुऊन-पुसून काढलेला होता. पाऊस नाही, ओरखडा नाही. रंग इतके ताजे की मला तो वेगळाच पिक्चर वाटला. बाबांची मात्र तक्रार होती. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक टिपका दिसतो, तो दिसला की ऑपरेटरने दुसरी मशीन चालू करायची. सगळं थिएटर नायकाकडे बघत असताना ऑपरेटरची नजर कोपऱ्यावर असते. या नव्या प्रतीत टिपके पुसून टाकले होते. "टिपका कुठं गेला?" बाबा विचारत, आणि टिपका नसतानाही बरोबर त्या क्षणी त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावरून उचलला जाई.

बाकड्याची मारामारी आली तेव्हा आम्ही चौघेही हसलो. मुलीने फोन खाली ठेवला. शेवटच्या मारामारीत त्यांच्यातला एक जण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी घेतो, दुकानाच्या ताडपत्रीवर आपटतो आणि तिथून थेट गुंडाच्या हातगाडीत. मग शेवटचा ठोसा, सगळे मिठाईच्या दुकानापुढे दमून बसलेत, आणि चिनी अक्षरं वर सरकायला लागली. बाबांनी हात पुढे केला, बंद करायला. मीही सवयीने रिमोट उचलला.

"वेट, मॉम," मुलगी म्हणाली. "देअर्स मोअर."

पडद्याच्या एका बाजूला अक्षरं, आणि दुसऱ्या बाजूला तेच सीन. पण चुकलेले. बाकडं उलटलं आणि जाड्याच्या तोंडावर बसलं. त्याने तोंडातून काहीतरी थुंकलं, ते बघून बाकीचे हसत सुटले, मग एकाएकी हसायचे थांबले. दुसऱ्याचं बोट दारात सापडलं. आणि मग ती गॅलरी. त्याने उडी मारली, ताडपत्री हुकली, आणि तो सरळ फरशीवर आला. हलला नाही. लोक धावले. त्याला फळीवर घालून नेलं. त्यानंतर लगेच तीच गॅलरी, तोच माणूस, मनगटाला पट्टी. पुन्हा उडी.

बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

मुलीने त्यांना समजावलं. शूटिंगच्या वेळी झालेल्या चुका. शेवटी नावांबरोबर दाखवतात. या सगळ्या पिक्चरांना तशा असतात, सगळ्यांना माहीत आहे.

बाबांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. अकोल्यात शेवटचा ठोसा बसला की लोक उठायचे. वाचता न येणारी नावं बघायला कोण थांबणार? डोअरकीपर दारं उघडायचा, पुढच्या खेळाची गर्दी बाहेर उभी असायची, आणि अक्षरं सुरू झाली रे झाली की बाबा मशीनची झडप पाडून पडदा काळा करायचे. मी तर त्याच्याही आधी जिना उतरलेली असायची, गर्दीत चेंगरू नये म्हणून. शेवटच्या रिळाचं शेपूट सगळ्यात फाटकं असायचं. बाबा तो तुकडा कापून ठेवायचे आणि इतर रिळांच्या सुरुवातीला चिकटवायला वापरायचे. वीसेक वर्षं त्यांनी ही शेपटं कापली.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले. पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसत नव्हते.

"हे त मी दाखवलंच नाही कोणाले," ते म्हणाले. "लोकायले वाटलं, यायले लागत नाही. मलेही तेच वाटलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले मी खोटं सांगतलं, पोरी. त्यायले लागते."

"तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, बाबा," मी म्हटलं. पण मला राग आला होता, हे खरं. बाबांचा नाही, त्या झडपेचा. चाळीस वर्षं मी ज्या माणसांना वेगळ्या जातीची समजले होते ती माझ्याच जातीची निघाली. त्यांचेही कोपर मोडत होते. ते पुन्हा वर चढत होते इतकंच. त्यांच्याबद्दलचा आदर त्या दुपारी कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला.

चौथ्यांदा लावल्यावर बाबा म्हणाले, "मधल्याले नको पाहू. कोपऱ्यात पाह्य."

मी कोपऱ्यात पाहिलं. गॅलरीच्या खाली, चौकटीच्या अगदी कडेला, त्याचे सोबती उभे होते. तेच, बाकड्यावरचे. अंगात पुढच्या सीनचे कपडे. गुडघे थोडे वाकवलेले, हात पुढे केलेले, नजर वर. त्यांच्यातला एकही गॅलरीत जाऊन त्याला धरून उभा नव्हता. तो पडल्यावर धावले तेही त्याच्याशेजारी येऊन थांबले. आधी त्याने डोळे उघडले, काहीतरी बोलला, मग त्यांनी हात लावला.

"पाह्य," बाबा म्हणाले. "हात तयार आहेत. पण धरत नाहीत. धरून ठेवलं त तो उडी कशी मारते?"

असं म्हणून त्यांनी कमरेचा पट्टा चाचपला आणि ओढून काढला. पट्टा माझ्या मांडीवर ठेवला. "त्या माणसाले बोलव," म्हणाले.

"कोणाला?"

"ज्याले तू हाकललं त्याले."

सोमवारी मी एजन्सीला फोन केला. माझा आवाज ऐकल्यावर पलीकडच्या बाई जरा सावरून बसल्याचं मला इकडे कळलं. मंगळवारी फिजिओ आला. मी माफी मागितली. तो म्हणाला, त्याची आईही अशीच आहे. ही स्तुती आहे की काय हे मी विचारलं नाही.

हॉलमध्ये गोधडी अंथरली. फिजिओने बाबांना धरून सावकाश खाली झोपवलं आणि मला हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगितलं. बाबा छताकडे बघत पडले. "इथून घर मोठं दिसते," म्हणाले. आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून जेवलेला माणूस, चार वर्षांत या घरात पहिल्यांदा जमिनीला टेकला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आधी कुशीवर वळायचं. मग कोपरावर. मग दोन्ही हात आणि गुडघे. मग खुर्चीपर्यंत रांगत जायचं, तिच्या बैठकीवर हात टेकायचे, चांगला पाय पुढे घ्यायचा आणि उठायचं. सांगायला चार वाक्यं. पहिल्या वेळी ते कोपरावर येऊन परत कोसळले. दुसऱ्या वेळी खुर्चीपर्यंत पोचले आणि हात थरथरायला लागले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. माझ्या पाठीमागे माझीच नखं माझ्या तळव्यात रुतत होती. फिजिओ त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसून, दोन्ही पंजे हवेत धरून होता. त्याने शिवलं नाही.

"काऊन रडून राहिली?" बाबा माझ्यावर खेकसले. "इथं मी पडेल आहे का तू?"

तिसऱ्या वेळी ते उठले. खुर्चीला धरून, पाय लटपटत, पण उठले. मी आनंदाने पुढे झाले तर फिजिओने शांतपणे म्हटलं, "छान, सर. आता पुन्हा." त्या क्षणी मला त्याच्या डोक्यात गोधडी घालावीशी वाटली. बाबा मात्र मान डोलावून पुन्हा खाली बसू लागले.

पुढे रोज हेच. बाबा आधी वॉकरवर, मग काठीवर आले. तीन महिने सरले तेव्हा ते घरात एकटे फिरत होते. आमचं भांडणही पूर्ववत झालं. मी अजून मागे मागे जायचे, ते अजून हाकलायचे.

मेच्या अखेरीस एका गुरुवारी मला ऑफिसला जावंच लागलं. नवऱ्याला चार वाजता निघायचं होतं, मी साडेपाचला पोचणार होते, मुलीला शाळेतून यायला सहा वाजणार होते. दीड तास बाबा एकटे. मी दुपारभर फोन करत राहिले आणि शेवटी बाबांनी तो उचलणं बंद केलं. घरी आले तर खुर्ची रिकामी, बाथरूम रिकामं. मागच्या अंगणाचं सरकतं दार अर्धवट उघडं. मी पर्स टाकून धावले.

लिंबाच्या झाडाखाली बाबा गवतावर कुशीवर पडले होते. काठी दोन हातांवर पडलेली. एक लिंबू त्यांच्या मुठीत होतं. कपाळाला माती. माझे दोन्ही हात पुढे गेलेच.

"थांब तिथंच," बाबा म्हणाले.

"बाबा, कुठे लागलं?"

"उलीसं लागलं. मोडलं काही नाही. पाय हालून राहिले, पाह्य." त्यांनी दोन्ही पाय हलवून दाखवले. "तू जाय आत. चहा ठेव. आलोच मी."

मी तिथे किती वेळ उभी राहिले मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले, मी जाण्याची वाट बघत. माझ्या आयुष्यात मी खूप चुका होण्याआधी पकडल्या आहेत. त्या अंगणातून स्वयंपाकघरापर्यंतची दहा-बारा पावलं टाकण्याइतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

आत जाऊन मी पातेलं ठेवलं, दोन कप पाणी घातलं. ओट्यासमोरच्या खिडकीतून सगळं अंगण दिसतं. मी खिडकीकडे पाठ केली. आलं किसलं. साखर घातली. पाणी उकळायला लागलं, पत्ती घातली, दूध घातलं. चहा वर आला, मी गॅस बारीक केला. पुन्हा वर आला, पुन्हा बारीक केला. बाहेरून एकदा बाबांचा कण्हल्याचा आवाज आला आणि मी दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. मग कितीतरी वेळ काहीच नाही. चहा आटून निम्मा झाला, काळाकुट्ट. मी तो हलवत राहिले.

मागे सरकतं दार वाजलं. काठी फरशीवर टेकत आली, एक, दोन, तीन, आणि थांबली.

"एवढा काऊन उकळला?" बाबा म्हणाले.